किट कार: प्रतिकृती ओळखायची कशी आणि बांधायची कोणत्या क्रमाने

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः बांधलेली गाडी, बहुधा एखाद्या जुन्या नावाजलेल्या गाडीची प्रतिकृती. तिचं काम अर्धवट पडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं, कागद न बघता पैसे दिलेले असतात. दुसरं, फायबरची बॉडी घाईघाईने चेसिसवर चढवलेली असते. गाडी लगेच गाडीसारखी दिसायला लागते, बघायला माणसं येतात, आणि मग ब्रेकच्या नळ्या, पेट्रोल टाकी, वायरिंग ही सगळी कामं बोनेटच्या भोकातून हात घालून करावी लागतात. खालचा क्रम या दोन चुका टाळण्यासाठी आहे. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्यात छोटा गाळा घेऊन काम करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्यामुळे इथला पाऊस, इथलं आरटीओ आणि इथे मिळणारे सुटे भाग हिशेबात धरले आहेत.

१. गाडी कुठे चालणार, ते आधी ठरवा

घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग होणार नाही असं धरूनच सुरुवात करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही त्यांतली एक. ही सगळी व्यवस्था कारखानदारासाठी आहे. एकट्या गाडीसाठी तो खर्च झेपणारा नाही.

मग गॅरेजमध्ये कोणीतरी पळवाट सुचवतं: जुनी जिप्सी किंवा पद्मिनी घ्या आणि तिच्या आरसीवर नवी बॉडी चढवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं हेच अडवतं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. कलम १८२-ए खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-०४ असो की एमएच-४३, कायदा तोच.

‘व्हिंटेज’चा दरवाजाही बंद आहे. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीलाच मिळतो. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. प्रतिकृतीचा तर प्रश्नच नाही.

उरतात ते उपयोग तीन: प्रदर्शन, खासगी जागा, आणि ट्रेलरवर नेऊन ट्रॅकवर चालवणं. पहाटे पाचला पाम बीच रोडवर ‘एकच चक्कर’ या यादीत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि काही झालं तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

२. तयार गाडी किंवा अर्धवट किट घेताना: आधी मोजा, मग कागद वाचा

विकणारा सर्वांत आधी पुढे करतो ते कागद आणि बॅज. ते बाजूला ठेवा. बॅज कुणीही विकत घेतो आणि नंबरची पट्टी दोन रिवेटांवर बसते. गाडी उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. टेप, टॉर्च आणि मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक एवढं सामान पुरतं.

पोर्शे ३५६ स्पीडस्टर. मूळ गाडीची बॉडी पोलादी, त्यामुळे इथे चुंबक उपयोगी पडतो. बारीक ठिकाणी नको, दाराच्या मधोमध आणि पुढच्या मडगार्डवर लावा. मूळ गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २१०० मिमी असतो. बहुतेक प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर (खालच्या पत्र्याच्या तळावर) बांधलेल्या असतात, आणि बीटलचा व्हीलबेस २४०० मिमी. म्हणून पॅन साधारण ३०० मिमी कापून पुन्हा जोडलेला असतो. मधल्या बोगद्यावर (फरशीच्या मधोमधच्या उंचवट्यावर) आणि फरशीवर आडवी वेल्डिंगची रेघ सापडते का बघा. मूळ ३५६ मध्ये फरशी आणि बॉडी एकसंध. कडेने बोल्टांची रांग दिसली तर खाली बीटल आहे. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावर ठोकलेला असतो, तो वाचा. चाकांवरून निकाल देताना जपून: पाच बोल्टांचं २०५ मिमीचं वर्तुळ ३५६ लाही होतं आणि जुन्या बीटललाही. चार बोल्टांचं १३० मिमीचं दिसलं तर मात्र तो नंतरच्या बीटलचा भाग आहे.

एसी कोब्रा. इथे चुंबक फसवतो. मूळ बॉडी ॲल्युमिनियमची, प्रतिकृती बहुधा फायबरची, आणि चुंबक दोन्हीला चिकटत नाही. मडगार्डच्या आत हात घाला: फायबरच्या आतल्या बाजूला काचेच्या तंतूंची खरखर लागते. पण ॲल्युमिनियम निघालं म्हणून मूळ ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या प्रतिकृतीही बनतात. खरा निकाल खाली लागतो. मूळ चेसिसला दोन गोल मुख्य नळ्या असतात: २८९ मॉडेलला ३ इंच व्यासाच्या आणि आडव्या पाट्याच्या स्प्रिंगा, ४२७ मॉडेलला ४ इंचाच्या आणि कॉइल स्प्रिंगा. चौकोनी पेटीसारखी नळी दिसली की प्रश्न मिटला. मागे अखंड ॲक्सल असेल तरी मिटला, कारण मूळ कोब्राचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं. स्वतंत्र आहे, पण ब्रेकच्या डिस्क चाकाजवळ नसून डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीला) चिकटून आहेत? मग ते जग्वारचं सस्पेन्शन.

नंबर ‘सीएसएक्स’ने सुरू होतो यावरही भुलू नका. साठच्या दशकातल्या गाड्या २००० आणि ३००० च्या मालिकांत येतात. ४००० ची मालिका खूप नंतर बांधलेल्या गाड्यांची आहे.

एमजी टीडी. सोपं आहे. बोनेट उघडा. मूळ गाडीत पुढे १२५० सीसीचं इंजिन असतं. पुढे सामानाची जागा आणि मागे हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर ते बीटलवरचं किट, आणि पुढचा रेडिएटर शोभेचा. टीडीचा व्हीलबेस ९४ इंच, बीटलचा ९४.५, म्हणून या किटमध्ये पॅन कापावाही लागत नाही. कापल्याची खूण शोधत बसू नका.

आता कागद. आरसीवर ‘मारुती जिप्सी’ आणि समोर ३५६ उभी असेल तर गाडी प्रतिकृती आहे आणि बेकायदा बदललेलीही. ती विकत घेतली की कलम ५२ ची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. चेसिस नंबर घासल्यासारखा, नव्याने ठोकल्यासारखा किंवा वेगळ्या पत्र्यावर वेल्ड केलेला दिसला तर घासाघीस करू नका, निघा.

३. डोनर आणि किट यांची जोडी जमवा

किट ज्या डोनरसाठी (जिचं इंजिन आणि भाग काढून वापरायचे त्या गाडीसाठी) बनलंय तो इथे मिळतो का, हे आधी बघा. ब्रिटिश किटपैकी बरीचशी फोर्ड सिएरासाठी, अमेरिकन कोब्रा किट मस्टँगसाठी. दोन्ही आपल्याकडे भंगारात सापडायच्या नाहीत. मग एक तर सगळे भाग किटवाल्याकडूनच घ्या, किंवा चेसिस इथल्या डोनरभोवती बांधून घ्या.

इथे मागच्या चाकांना जोर देणारे पर्याय मोजकेच: जिप्सी, ओम्नी-ईको, पद्मिनी, ॲम्बेसिडर, आणि मिळाली तर १.८ लिटर इसुझू इंजिनाची कॉन्टेसा. हलक्या दोन सीटर गाडीला जिप्सी बरी पडते. तिचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा, छोट्या शाफ्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो काढून थेट मागच्या ॲक्सलला शाफ्ट देता येतो. एक गोष्ट विसरली जाते: ट्रान्स्फर केसमधली गिअरची घटही त्याच्याबरोबर जाते. गाडी लांब गिअरची होते आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जळतो. गाडीचं वजन आणि डिफरन्शियलचं प्रमाण आधी कागदावर मांडा.

डोनर भंगारात काढलेला असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद विकणाऱ्याकडून घ्या. नुसत्या पावतीवर इंजिन आणू नका.

किट परदेशातून येणार असेल तर पैसे पाठवण्याआधी न्हावा शेव्यातल्या कस्टम्स ब्रोकरला भागांची पूर्ण यादी दाखवा. सुट्या अवस्थेत आलेली, पण मूळ स्वरूपात पूर्ण असलेली वस्तू सीमाशुल्कात तयार वस्तू म्हणून धरली जाऊ शकते. ‘हे तर सुटे भाग आहेत’ हा युक्तिवाद बंदरात उभं राहून सुचून उपयोग नाही. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का असल्याची खात्री करा, आणि बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्समध्ये भरलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत फाइलला लावा.

४. गाळा, हत्यारं आणि खोक्यांची मोजदाद

गाडीभोवती चारही बाजूंनी मीटरभर जागा हवी. म्हणजे साधारण ६ बाय ४ मीटर, आणि बॉडी ठेवायला वेगळा कोपरा. शटरची रुंदी मोजायला विसरू नका.

लागणारी हत्यारं: टॉर्क पाना, चार घोड्या, चेन-पुली, ओळंबा, ब्रेकच्या नळीचं फ्लेअरिंग टूल, मल्टिमीटर, आणि मिमी व इंच असे दोन्ही पाने.

खोकी उघडताच प्रत्येक भाग यादीशी ताडून बघा, फोटो काढा आणि कमी भागांचं पत्र लगेच पाठवा. नट-बोल्ट थ्रेडनुसार वेगळ्या डब्यांत घाला. अमेरिकन किट इंचांत आणि इथला डोनर मिमीत असतो. एम-८ च्या बोल्टवर ५/१६ इंचाचा नट दोन-तीन फेरे छान फिरतो आणि मग अडकतो. तिथे पान्याने जोर लावला की थ्रेड गेले. डोक्यावरच्या खुणाही बघा: मिमी बोल्टवर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं, इंचाच्या बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि सीट बेल्टला बिनखुणेचा बोल्ट कधीच लावू नका.

५. चेसिस तपासा, मग कोरडी जोडणी करा

चेसिस चार घोड्यांवर लेव्हलमध्ये ठेवा. सस्पेन्शनच्या बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिमीपर्यंत फरक चालतो. ५ मिमीच्या वर गेला तर पुढचं काही जोडू नका. चेसिस बनवणाऱ्याकडे परत पाठवा.

आता सगळं एकदा कच्चं जोडा: सस्पेन्शन, ॲक्सल, इंजिन, गिअरबॉक्स, पेडल, स्टिअरिंग, रेडिएटर, टाकी. बोल्ट हाताने आवळा. या फेरीचा उद्देश एकच: कुठला ब्रॅकेट हवा, कुठलं भोक चुकलंय, काय कशाला घासतंय, हे रंगाआधी कळणं. स्टिअरिंग उजवीकडे घेताना त्याचा शाफ्ट एक्झॉस्टजवळून किंवा स्टार्टरवरून जातो का बघा. डावीकडच्या स्टिअरिंगसाठी आखलेल्या किटमध्ये घोळ इथेच होतो. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर ठेवा, आणि युनिव्हर्सल जॉइंटचा कोन १ ते ३ अंशांत बसवा. शून्य अंशही नको, कारण मग जॉइंटच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

तपासा: स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या. ब्रेकचा होज कुठेही ताणता कामा नये, घासता कामा नये.

सगळे ब्रॅकेट वेल्ड झाल्यावरच चेसिस सुटी करून पावडर कोटिंगला द्या. आधी कोटिंग करून मग वेल्डिंग करणारे खूप आहेत. जळलेल्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गंज फुटतो. बोल्ट बसतात त्या पृष्ठभागांवर आणि अर्थिंगच्या जागी कोटिंग नको, ते झाकायला सांगा. जाड थर बोल्टाखाली दबतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो.

कॅलेंडर असं लावा: कोरडी जोडणी जून ते ऑगस्ट, कोटिंग सप्टेंबरअखेर, बॉडी आणि रंग दिवाळीनंतर. खाडीकाठच्या हवेत उघडं लोखंड पावसात एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून कच्च्या चेसिसला तोवर साधा प्रायमर मारून ठेवा.

६. पक्की जोडणी

किटच्या मॅन्युअलमधला टॉर्क पाळा. तो दिलेला नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टला साधारण एम-८ साठी २५, एम-१० साठी ५०, एम-१२ साठी ८५ न्यूटन-मीटर. थ्रेडला ग्रीस लावलं असेल तर हेच आकडे जास्त ठरतात. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारा, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की टाकून द्या.

इशारा: रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. चाकांवर गाडीचं पूर्ण वजन आल्यावर आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, गाडीची उंची चुकते आणि रबर फाटतं.

ब्रेक. नळी ३/१६ इंचाची, पोलादी किंवा कॉपर-निकेलची. साधा तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन चिरतो. फ्लेअर (नळीच्या टोकाला दिलेला आकार) दोन प्रकारचे असतात, बुडबुड्यासारखा आणि दुहेरी. फिटिंग ज्या प्रकारचं असेल तोच करा, नाहीतर कितीही आवळलं तरी गळती थांबत नाही. तेल डॉट ४, आणि बाटली नवी फोडलेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे इथल्या पावसाळ्यात उघडी पडलेली बाटली फेकून द्यावी. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडल पहिल्या दाबालाच कडक लागलं पाहिजे. दोनदा मारल्यावर कडक होत असेल तर हवा अजून आत आहे.

पेट्रोल. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुन्या रबराचे होज आणि साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या फायबर टाक्या इथेनॉलने मऊ पडतात आणि त्यांचा चिकटा कार्बोरेटरमध्ये जातो. टाकी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची घ्या, होजवर इथेनॉल चालत असल्याची खूण बघा.

वायरिंग. पत्र्याच्या गाडीवर हात बसलेला इलेक्ट्रिशियन इथे हमखास चुकतो, कारण त्याच्यासाठी अर्थ म्हणजे बॉडी. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपर, टाकीचा फ्लोट यांना चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर द्या. इंजिन ते चेसिस जाड पट्टी वेगळी. ती राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल लाल होते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत.

सीट बेल्ट. अँकर चेसिसच्या नळीला वेल्ड केलेल्या जाड पट्टीत. नुसत्या फायबरला वॉशर लावून कधीच नाही. खांद्याचा पट्टा मागे साधारण सरळ जायला हवा. तो फार खाली ओढला गेला तर धडकेत सगळा भार मणक्यावर येतो.

७. बॉडी न लावता चालवा

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करा. अग्निशामक हाताशी, गाळ्याचं शटर पूर्ण उघडं.

यानंतर तात्पुरती सीट घट्ट बसवा, बेल्ट लावा आणि बंद आवारात चालण्याच्या वेगाने गाडी फिरवा. ब्रेक एका बाजूला ओढतात का, पंखा वेळेवर सुरू होतो का, गिअर बसतात का. प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा घालून गळती बघा. आत्ता जो नट बदलायला पाच मिनिटं लागतात, त्यालाच बॉडी लागल्यावर अर्धा दिवस जातो. ही पायरी गाळायचा मोह सर्वांना होतो, कारण उघडा सांगाडा फोटोत दिसायला बेढब असतो.

सगळं नीट चाललं की आंघोळ घालावी तसं सांगाडा धुवा, आणि रेघ मारलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा.

८. बॉडी आणि रंग

बॉडी सहा माणसांनी किंवा पुलीवर उचलून ठेवा, पण लगेच बोल्ट मारू नका. गाडी चाकांवर, पूर्ण वजनात असायला हवी. आधी दारं टांगा, मग बोनेट, मग डिकी. फटी ४ ते ५ मिमी ठेवून बॉडी सरकवा, पाचर घाला आणि त्यानंतरच भोकं पाडा. उलट क्रमाने केलं तर दार लागत नाही म्हणून दाराचीच कड घासली जाते. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, तेवढी जागा सोडा.

फायबरवर साचा सुटण्यासाठी लावलेलं मेण असतं. ते वॅक्स रिमूव्हरने काढल्याशिवाय घासायला घेऊ नका. पेपरने मेण खोल जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे येतात. बॉडी नवी असेल तर काही आठवडे उन्हात नीट आधार देऊन ठेवा, म्हणजे रेझिन पूर्ण आकसेल. घाई केली तर चकचकीत रंगातून आतल्या तंतूंची जाळी उमटते, आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर ती सर्वांत आधी दिसते.

दुरुस्तीला काचेच्या तंतूंचा ४५० ग्रॅमचा मॅट वापरा. वजनाने एक भाग मॅटला दोन ते अडीच भाग रेझिन. हार्डनर १ ते २ टक्के, वजनकाट्यावर मोजून.

इशारा: रेझिनचा कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून स्प्रे करणारा पेंटर कितीही कसलेला असला तरी ते फुप्फुसाला बाधतं. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच हवा. पावसाळी हवेत हा हार्डनर ओलाव्याशी प्रक्रिया करतो आणि चकाकी मरते, म्हणूनच दिवाळीनंतर.

९. ओळखपट्टी आणि फाइल

फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) धातूची पट्टी रिवेट करा: ‘प्रतिकृती’ हा शब्द, किट कोणाचं, बांधल्याचं वर्ष, इंजिन कशातून घेतलं. डोनरची मूळ नंबरप्लेट किंवा चेसिसची पट्टी या गाडीवर लावू नका. फाइलमध्ये किटची पावती, बिल ऑफ एंट्री, डोनरच्या रद्द नोंदणीचा कागद, कोटिंगआधीचे चेसिसचे फोटो आणि टॉर्कची यादी ठेवा. ट्रॅकवरच्या पहिल्या दिवसानंतर चाकांचे नट, स्टिअरिंगचे जॉइंट आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासा आणि तारीख त्या यादीत लिहा.